गुडघ्याच्या हाडांतील वैविध्य आणि सांधेरोपण : सरासरी मापांवर किती विसंबावे?

अस्थिवेध (धागाकर्ता)

गुडघ्याच्या सांधेरोपणात मांडीच्या हाडाचे, म्हणजे फीमरचे, खालचे टोक कापण्याआधी साधनावर एक कोन ठरवावा लागतो. हाडाच्या पोकळीतून जाणारा अक्ष एका दिशेने जातो आणि खुब्याच्या केंद्रापासून गुडघ्याच्या केंद्रापर्यंत काढलेली सरळ रेषा थोड्या वेगळ्या दिशेने. या दोहोंमधला हा कोन. शिकवताना तो ५ ते ७ अंश असतो असे सांगतात आणि सरासरी म्हणून ते बरोबरच आहे. प्रत्यक्षात रुग्णांच्या संपूर्ण पायाचे एक्स-रे मोजले, तर तो ३ अंशांच्या आसपासपासून ९ अंशांच्या आसपासपर्यंत कुठेही सापडतो. उंच माणसात तो सहसा लहान असतो, खुब्याजवळची हाडाची मान लांब व आडवी असेल तर मोठा होतो, आणि मांडीचे हाडच बाहेरच्या बाजूस बाकदार असेल तर आणखी वाढतो. साधन सरसकट ६ अंशांवर लावले, तर ज्याचा कोन ९ अंश आहे त्याच्या फीमरवरचा कृत्रिम भाग ३ अंश तिरका बसतो आणि पाय तेवढा बाहेर वाकलेलाच राहतो. त्या वेळी कोणालाही काही वावगे दिसत नाही, कारण सगळे नियमाप्रमाणेच झालेले असते.

हा धागा काढण्यामागचे माझे मत आधीच मांडतो. शस्त्रक्रियेत हाडावरच्या ज्या खुणांवरून आपण दिशा ठरवतो, त्या प्रत्येक खुणेचे मूल्य सरासरीवरून आलेले आहे. झिजून शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या गुडघ्यांत मात्र सरासरीपासून दूर असलेले गुडघे पुष्कळ असतात. काहींच्या बाबतीत घडणीतले वेगळेपण हेच झिजेचे एक कारण असते. म्हणजे जिथे खूण बिनचूक हवी, तिथेच ती ढळलेली असण्याचा संभव अधिक. एकाच खुणेवर विसंबून छेद घेणे म्हणूनच मला मान्य नाही. किमान दोन स्वतंत्र खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, आणि जुळत नसतील तर त्यांपैकी कोणती ढळली व का, याचे उत्तर छेद घेण्यापूर्वी मिळाले पाहिजे.

फीमरवरचा कृत्रिम भाग किती फिरवून बसवायचा, या प्रश्नात हे सर्वांत स्पष्ट दिसते. फीमरच्या खालच्या टोकाला आत आणि बाहेर असे दोन गोलाकार उंचवटे असतात, त्यांना काँडाइल म्हणतात. दिशा ठरवण्यासाठी तीन रेषा वापरल्या जातात. एक, दोन्ही काँडाइलच्या मागच्या पृष्ठभागांना स्पर्श करणारी. दुसरी, दोन्ही एपिकाँडाइलना, म्हणजे बाजूचे अस्थिबंध जिथून निघतात त्या उंचवट्यांना, जोडणारी. तिसरी, वाटी ज्या खोबणीतून सरकते तिच्या तळातून पुढून मागे जाणारी, जी व्हाइटसाइड यांच्या नावाने ओळखली जाते. सरासरी गुडघ्यात एपिकाँडाइलची रेषा मागच्या रेषेच्या तुलनेत सुमारे ३ अंश बाहेर फिरलेली असते आणि व्हाइटसाइडची रेषा तिला काटकोनात असते.

या ३ अंशांमागे एक कारण आहे. नडगीच्या हाडाचा, म्हणजे टिबियाचा, वरचा पृष्ठभाग सरासरीने सुमारे ३ अंश आतल्या बाजूस उतरता असतो. तो हाडाच्या अक्षाला काटकोनात कापला की बाहेरच्या बाजूचे हाड जास्त निघते आणि वाकवलेल्या गुडघ्यात तिकडची पोकळी मोठी होते. ती बरोबरीला आणण्यासाठी फीमरवरचा भाग ३ अंश बाहेर फिरवतात, म्हणजेच आतल्या काँडाइलचे मागचे हाड थोडे जास्त कापतात, आणि पोकळी आयताकृती होते. हे गणित जुळते ते दोन्ही हाडे सरासरीच्या जवळ असतील तेव्हाच.

आता असा गुडघा घ्या, जो आतल्या बाजूस वळलेला आहे आणि ज्याचा बाहेरचा काँडाइल मुळातच खुजा आहे. येथे मागची रेषाच आत फिरलेली असते. तिच्यावरून प्रामाणिकपणे ३ अंश मोजले तरी कृत्रिम भाग आत फिरून बसतो आणि वाटी बाहेर सरकू लागते. रिचर्ड बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली सीटी स्कॅनच्या आधारे दाखवले की फीमरवरचा व टिबियावरचा कृत्रिम भाग मिळून १ ते ४ अंश आत फिरलेले असतील तर वाटी तिरकी होऊन बाहेर झुकते, ३ ते ८ अंशांत ती अर्धवट निसटते, आणि ७ ते १७ अंशांत ती लवकरच पूर्ण निखळते किंवा तिच्यावरचा कृत्रिम भाग पुढे निकामी होतो. थोड्या अंशांचा हा फरक रुग्णाला जिना उतरताना रोज जाणवतो.

मग एपिकाँडाइलची रेषाच का वापरू नये? कारण ती शोधणे अवघड आहे. मऊ ऊतींच्या आवरणाखाली हे उंचवटे नीट हाताला लागत नाहीत, आणि आतल्या बाजूस उंचवट्याचे टोक धरायचे की त्याच्यालगतचा खळगा, यावर रेषेची दिशा काही अंशांनी बदलते. व्हाइटसाइडची रेषा बाहेरचा काँडाइल खुजा असताना चांगला आधार देते, पण खोबणीच उथळ किंवा झिजलेली असेल तेव्हा तीही फसवते. आपापल्या अनुभवात कोणती खूण कधी निरुपयोगी ठरली, हे जाणकारांनी लिहावे अशी विनंती करतो. शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्यांचे प्रश्नही येथे स्वागतार्ह आहेत.

शारीरशिक्षक

लेख अत्यंत आवश्यक होता. शरीररचनाशास्त्र शिकवताना आम्ही फीमर आणि टिबियाचे वर्णन एकाच नमुन्यावरून करतो, आणि विद्यार्थ्याच्या मनात तो नमुना म्हणजेच निसर्ग अशी समजूत पक्की होते. टेबलावर एकाच बाजूची दहा-वीस हाडे शेजारी ठेवली की ती समजूत फार टिकत नाही. लांबीरुंदीतला फरक कोणालाही दिसतो. काँडाइलच्या मागच्या भागाची वक्रता, दोन काँडाइलमधल्या खाचेची रुंदी आणि खोबणीची खोली यांतला फरक मात्र हाडे हातात घेऊन फिरवून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

टिबियाबद्दल थोडी भर घालतो, कारण चर्चेचा सगळा भर फीमरवरच पडतो. टिबियाच्या माथ्याचे दोन भाग एकमेकांची प्रतिबिंबे नाहीत. आतला भाग पुढून मागे जास्त लांब, लंबगोल आणि किंचित खोलगट असतो. बाहेरचा भाग लहान, गोलसर आणि पुढून मागे पाहता किंचित फुगीर असतो. या असमानतेमुळेच गुडघा वाकताना बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जास्त मागे सरकते. त्यावर कृत्रिम सांध्याची, दोन्ही बाजूंनी सारखी असलेली पट्टिका बसवायची झाली तर एक पेच उभा राहतो. हाड जास्तीत जास्त झाकले जावे म्हणून ती बसवली, तर आतला भाग मागे लांब असल्यामुळे पट्टिका आत फिरते. दिशा बरोबर ठेवली, तर मागे आतल्या बाजूचे हाड उघडे राहते किंवा दुसरीकडे पट्टिकेची कड हाडाबाहेर येते. म्हणून काही रचनांत आता टिबियाची पट्टिकाही असमान आकाराची केली जाते.

टिबियाची दिशा ठरवण्यासाठी पुढच्या उंचवट्याचा, ज्यावर वाटीचा स्नायुबंध चिकटतो, आतला तृतीयांश भाग ही जुनी खूण आहे. पण हा उंचवटाच काही माणसांत बराच बाहेर असतो, आणि मग पट्टिकाही गरजेपेक्षा जास्त बाहेर फिरते. अकागी यांनी २००४ साली सुचवलेली रेषा, म्हणजे मागच्या क्रूसबंधाच्या (सांध्याच्या आत एकमेकांना छेदणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी मागच्याच्या) मध्यापासून त्या स्नायुबंधाच्या आतल्या कडेपर्यंतची, पुष्कळ जण आता पडताळणीसाठी वापरतात. तिचे एक टोक त्याच उंचवट्याशी बांधलेले आहे, त्यामुळे तिला पूर्णतः स्वतंत्र खूण मानता येणार नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

वेदवती

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूस वाकलेले आहेत आणि तिला सांधेरोपणाचा सल्ला मिळाला आहे. आतापर्यंत तिच्या गुडघ्यांचे फक्त समोरून आणि बाजूने काढलेले छोटे एक्स-रे झाले आहेत. वरचा लेख वाचून असे वाटते की संपूर्ण पायाचा एक्स-रे हवा. तो प्रत्येकाला लागतो का, आणि सीटी स्कॅनही करून घ्यावा का? डॉक्टरांना हे विचारणे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे तर होणार नाही ना?

अस्थिवेध

वेदवतीताई, विचारण्यात अविश्वास मुळीच नाही. आपण निःसंकोच विचारा. बहुतेक शल्यचिकित्सकांना असा प्रश्न आवडतो, कारण त्यानिमित्ताने त्यांना आपली योजना समजावून सांगता येते.

छोट्या एक्स-रेवर सांध्याची झीज, हाडाची वाढलेली टोके आणि वाटीची उंची दिसते. खुबा आणि घोटा त्यात नसतात, त्यामुळे वजनाची रेषा गुडघ्याच्या कोणत्या भागातून जाते हे त्यावरून मोजता येत नाही. मांडीच्या हाडाचा बाक, जुन्या मोडीनंतर वाकडे जुळलेले हाड, किंवा खुब्यात आधीच बसवलेला कृत्रिम सांधा या गोष्टीही त्यात सुटून जातात. आपल्या आईच्या बाबतीत वाकलेपण उघड दिसते आहे, म्हणून वाकडेपणा सांध्यातला आहे, टिबियातला आहे की फीमरच्या बाकातला, हे शस्त्रक्रियेपूर्वी कळणे फार महत्त्वाचे आहे. तिन्ही ठिकाणी पाय बाहेरून सारखाच दिसतो, पण योजना सारखी राहत नाही. माझ्या मते उभ्याने काढलेला संपूर्ण पायाचा एक्स-रे प्रत्येक सांधेरोपणापूर्वी असावा.

तो काढण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. दोन्ही पायांवर सारखे वजन घेऊन उभे राहायचे, वाटी सरळ समोर ठेवायची आणि गुडघा शक्य तितका ताठ करायचा. पाय थोडा बाहेर फिरलेला असेल आणि त्याच वेळी गुडघा थोडा वाकलेला असेल, तर चित्रावर खोटेच वाकलेपण मोजले जाते. गुडघा पूर्ण ताठ होतच नसेल, तर मोजलेल्या अंशांकडे सावधपणे पाहावे लागते.

सीटी स्कॅन सर्वांना लागत नाही. हाडाची फिरकी मोजायची असेल, घडणीत मोठा दोष असेल, आधीची शस्त्रक्रिया झालेली असेल, किंवा ज्या यंत्रसाहाय्यित पद्धतीची योजनाच सीटीवर आधारलेली आहे ती वापरायची असेल, तेव्हा त्याचा उपयोग निश्चित आहे.

मापपट्टी

मी कृत्रिम सांध्यांच्या आकारमानाशी संबंधित अभियांत्रिकी काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. सांधा बनवणाऱ्यासमोरचा प्रश्न असा असतो की फीमरच्या खालच्या टोकाची पुढून मागेची लांबी आणि आडवी रुंदी यांचे प्रमाण सर्वांत एकसारखे नसते. लांबी सारखी असलेल्या दोन हाडांत स्त्रीचे हाड सरासरीने पुरुषाच्या हाडापेक्षा अरुंद असते. शिवाय हाड जसजसे मोठे होते तसतशी लांबीच्या तुलनेत रुंदी कमी वाढते. आकारांच्या संचात मात्र प्रत्येक लांबीला एकच रुंदी दिलेली असेल, तर शल्यचिकित्सकाला दोहोंपैकी एक निवडावे लागते. लांबी जुळवली तर कडा हाडाबाहेर येतात. रुंदी जुळवून लहान आकार घेतला तर मागच्या काँडाइलचे हाड जास्त कापले जाऊन वाकवलेल्या गुडघ्यात सैलपणा येतो, किंवा पुढून जास्त कापल्यामुळे फीमरच्या पुढच्या पृष्ठभागात खाच पडून हाड दुबळे होते.

कडा बाहेर येण्याला आम्ही फार काळ गौण मानले. महोनी आणि किन्सी यांनी २०१० साली ४३७ गुडघे शस्त्रक्रियेदरम्यान मोजले, तेव्हा किमान एका जागी ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त कड बाहेर आलेले गुडघे पुरुषांत ४० टक्के आणि स्त्रियांत ६८ टक्के निघाले. दोन वर्षांनंतर लक्षात येण्याजोगी वेदना असण्याची शक्यता अशा गुडघ्यांत जवळजवळ दुप्पट होती. हे आकडे वाचल्यावर आकारांची निवड वाढवण्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

मात्र येथेच एक सावधगिरीची गोष्टही नोंदवायला हवी. खास स्त्रियांसाठी म्हणून अरुंद सांधे २००६ च्या सुमारास बाजारात आले आणि त्यांची मोठी जाहिरात झाली. पुढे झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत कड बाहेर येण्याचे प्रमाण घटले, पण रुग्णाच्या चालण्यात, वेदनेत किंवा समाधानात ठळक फरक सातत्याने दिसला नाही. याचा अर्थ मी असा लावतो की लिंग हा हाडाच्या आकाराचा ढोबळ निर्देशक आहे. अरुंद हाडाचे पुरुष असतात आणि रुंद हाडाच्या स्त्रियाही असतात. त्यामुळे प्रत्येक लांबीला नेहमीची व अरुंद अशा दोन रुंदी उपलब्ध असाव्यात आणि निवड मोजमापावरून व्हावी, ही आता रूढ होत चाललेली पद्धत मला अधिक योग्य वाटते. वेगवेगळ्या लोकसमूहांतही हाडांचे सरासरी आकार भिन्न असतात. आशियाई लोकसमूहांच्या अनेक मोजणींत फीमर लहान आणि त्याचा बाहेरचा बाक जास्त आढळला आहे, तर सांध्यांचे सुरुवातीचे आकार प्रामुख्याने युरोपीय व अमेरिकी हाडांवरून ठरलेले होते.

चालतेगुडघे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रियेनंतर ज्यांची प्रगती अडते, त्यांच्यात गुडघ्याच्या पुढच्या भागातील दुखणे मला वारंवार दिसते. स्नायूंची ताकद परत येते, वाकणेही चांगले होते, तरी खुर्चीतून उठताना वाटीभोवतीचे दुखणे राहते. फिरकीचा मुद्दा वर आला आहे. पण वाटीची स्वतःची घडण आणि तिच्या खोबणीची घडण यांचा यात किती वाटा असतो? तरुण वयात वारंवार वाटी निसटलेल्या व्यक्तीला पुढे सांधेरोपण करावे लागले, तर योजनेत काही वेगळे करतात का?

अस्थिवेध

प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे आणि त्याचे उत्तर थोडे लांबेल.

वाटीच्या मागच्या पृष्ठभागाचे आतले व बाहेरचे उतार किती समान आहेत, यावरून विबर्ग यांनी १९४१ साली तीन प्रकार सांगितले. बहुतेकांत बाहेरचा उतार मोठा असतो, आणि तिसऱ्या प्रकारात आतला उतार अगदी लहान व उभा असतो. वाटीची उंचीही बदलते. इन्सॉल व साल्वाती यांच्या पद्धतीने स्नायुबंधाची लांबी भागिले वाटीची लांबी काढली, तर साधारण ०.८ ते १.२ हे सामान्य मानतात. वाटी फार वर असेल तर गुडघा बराच वाकेपर्यंत ती खोबणीत शिरतच नाही.

खोबणीबद्दल फ्रान्समधील ल्यों येथील देजूर पिता-पुत्रांचे काम मूलभूत आहे. खोबणीचा कोन १४५ अंशांपेक्षा जास्त असेल तर ती उथळ समजली जाते. उथळपणाचे त्यांनी चार प्रकार केले. सौम्य प्रकारात खोबण फक्त सपाटीकडे झुकते आणि तीव्र प्रकारांत खोबणीच्या जागी फुगवटा किंवा कडा असतो. बाजूने काढलेल्या अचूक एक्स-रेवर खोबणीच्या तळाची रेषा काँडाइलच्या रेषेला छेदताना दिसते, ही तिची पहिली ओळख. दुसरे माप म्हणजे टिबियाचा पुढचा उंचवटा खोबणीच्या तळापासून किती बाहेर आहे. सीटीवर हे अंतर २० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ते विकृत धरले जाते. एमआरआयवर तेच अंतर काही मिलिमीटर कमी भरते, म्हणून दोन्ही तपासण्यांना एकच मर्यादा लावू नये.

अशा गुडघ्याचे सांधेरोपण करताना नैसर्गिक खोबणीवरून दिशा ठरवता येत नाही, म्हणून एपिकाँडाइलची रेषा आणि शक्य असल्यास सीटीवरील मोजमाप हाच आधार राहतो. जुना फुगवटा पुढच्या छेदात पुरेसा निघाला नाही, तर कृत्रिम भाग पुढे सरकतो आणि वाटीवर कायम दाब राहतो.

वाटीची जाडीही तितकीच महत्त्वाची. स्त्रियांत ती बहुधा २२ मिलिमीटरच्या आसपास आणि पुरुषांत २५ च्या आसपास असते. वाटीच्या मागे कृत्रिम भाग बसवायचा असेल, तर कापल्यावर किमान १२ मिलिमीटर हाड उरावे असा दंडक आहे, आणि हाड व कृत्रिम भाग मिळून जाडी मूळ जाडीइतकीच व्हावी. मुळातच पातळ असलेल्या वाटीत या दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. तेथे जाडी थोडी वाढलेली स्वीकारावी की वाटी तशीच ठेवावी, यावर अनुभवी शल्यचिकित्सकांतही मतभेद आहेत. अतिपातळ वाटी तशीच ठेवण्याकडे माझा कल आहे, कारण तिची मोड दुरुस्त करणे फार कठीण जाते.

सरळरेषा

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण माझा एक मूलभूत आक्षेप आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील पाराट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ३९८ सांध्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा पाय शस्त्रक्रियेनंतर सरळ रेषेच्या ३ अंशांच्या आत होता आणि ज्यांचा नव्हता, त्यांच्या सांध्यांच्या टिकाऊपणात १५ वर्षांनंतरही सरळ पायांना फायदा दिसला नाही. मग एकेका अंशासाठी एवढी मोजमापे कशासाठी? निरोगी माणसांचे पाय तरी कुठे सरळ असतात? बेलेमान्स यांनी २०१२ साली तक्रार नसलेल्या २५० तरुण प्रौढांचे पाय मोजले, तेव्हा ३२ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रिया यांचे पाय मुळातच ३ अंश किंवा त्याहून जास्त बाहेर वाकलेले निघाले.

अस्थिवेध

सरळरेषा, आपण दिलेले दोन्ही अभ्यास महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांवरून मी उलट निष्कर्ष काढतो. पहिला अभ्यास सांगतो की सर्वांसाठी एकच लक्ष्य ठेवून त्याच्या जवळ पोहोचल्याने टिकाऊपणा वाढला नाही. दुसरा सांगतो की ते लक्ष्य अनेकांच्या बाबतीत त्यांच्या नैसर्गिक घडणीपेक्षा वेगळे होते. दोन्ही एकत्र वाचले तर मोजमापाची गरज वाढते, कारण आता प्रत्येकाचे लक्ष्यही मोजून ठरवावे लागते. जन्मतः ज्याचा पाय ४ अंश बाहेर वाकलेला आहे, त्याला शून्यावर आणायचे म्हणजे आतल्या बाजूचे अस्थिबंध सोडवणे आले, आणि एकदा सैल केलेला अस्थिबंध पूर्वीसारखा होत नाही.

स्टीफन हॉवेल यांनी २००६ च्या सुमारास सुरू केलेल्या पद्धतीत हाच विचार टोकाला नेला आहे. झिजलेल्या कूर्चेसाठी साधारण २ मिलिमीटर आणि करवतीच्या पात्याची जाडी हिशेबात धरून, जितक्या जाडीचा कृत्रिम भाग बसवायचा तितकेच हाड काढले जाते, म्हणजे सांध्याचा झिजेपूर्वीचा पृष्ठभाग परत मिळतो. मॅकडेसी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडलेली वर्गवारीही या दिशेने उपयोगी आहे. फीमर आणि टिबियाच्या सांध्यालगतच्या कोनांची वजाबाकी केली की पायाची मूळ ठेवण कळते, बेरीज केली की सांध्याच्या रेषेचा कल कळतो, आणि तीन गुणिले तीन असे नऊ प्रकार होतात. यातली खुबी अशी की हे कोन हाडांवरून मोजले जात असल्यामुळे, झीज फार खोल हाडापर्यंत गेलेली नसेल तर, झिजलेल्या सांध्यातही मूळ ठेवणीचा अंदाज येतो.

तरीही नैसर्गिक ठेवण जशीच्या तशी परत आणावी, या मताशी मी पूर्ण सहमत नाही. १० अंश बाहेर वाकलेला पाय जन्मजात असला तरी त्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या प्लॅस्टिकच्या भागावर आतल्या बाजूने येणारा भार कमी होत नाही. म्हणून मर्यादा ठेवून नैसर्गिक घडणीच्या जवळ राहणे, हा मध्यममार्ग मला आज सर्वांत सुरक्षित वाटतो. आणि फिरकीच्या बाबतीत तर बर्गर यांचे निष्कर्ष उभेच आहेत. तेथे ३ अंशांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

शारीरशिक्षक

टिबियाच्या मागच्या उताराचा उल्लेख अजून आलेला नाही, म्हणून लिहितो. बाजूने पाहता टिबियाचा माथा मागे उतरता असतो. हा उतार काहींत जवळजवळ शून्य, तर काहींत १५ अंशांपर्यंत असतो. मागचा क्रूसबंध राखणाऱ्या सांध्यात रुग्णाचा मूळ उतार बऱ्याच अंशी जपावा लागतो, तर तो बंध काढून टाकणाऱ्या रचनेत उतार मुद्दाम कमी, सुमारे ० ते ३ अंश, ठेवतात. गुडघ्याचा एकच भाग बदलण्याच्या शस्त्रक्रियेत पुढचा क्रूसबंध शाबूत असणे आवश्यक असते, आणि हेर्निगू व देशाँ यांनी २००४ साली ७ अंशांपेक्षा जास्त उतार टाळावा असे सुचवले, कारण जास्त उतारामुळे टिबिया पुढे सरकत राहते आणि बंधावर ताण येतो. खेळाडूंतील क्रूसबंधाच्या पुनर्रचनेतही हाच हिशेब असतो. १२ अंशांच्या पुढचा उतार हा नवा बंध पुन्हा तुटण्याचा धोका वाढवणारा घटक मानला जातो, आणि वारंवार अपयश आल्यास काही ठिकाणी हाड कापून उतारच कमी केला जातो.

क्षकिरण

रेडिओलॉजीच्या बाजूने एक लहानसे हाड चर्चेत आणतो. गुडघ्याच्या मागे, पोटरीच्या स्नायूच्या बाहेरच्या डोक्यात, काही जणांना फॅबेला नावाचे वाटाण्याएवढे हाड असते. २०१९ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी जगभरातील २१ हजारांहून अधिक गुडघ्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा त्याचे आढळण्याचे प्रमाण १९१८ मधील सुमारे ११ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ३९ टक्क्यांवर गेलेले दिसले. एक्स-रेवर ते सांध्यातील सुटा तुकडा समजले जाण्याची शक्यता असते. त्याचप्रमाणे सुमारे २ टक्के लोकांत वाटीचा वरचा बाहेरचा कोपरा मूळ घडणीतच उरलेल्या हाडापासून सुटा असतो आणि पडल्यानंतर काढलेल्या चित्रात तो मोड वाटतो; त्याची कड गुळगुळीत असते, आणि पुष्कळदा दुसऱ्या गुडघ्यातही तसाच कोपरा सापडतो. फॅबेला असलेल्या रुग्णाच्या सांधेरोपणात शल्यचिकित्सक काही वेगळे करतात का, हे जाणून घ्यायला आवडेल.

अस्थिवेध

बहुतेकांत काहीही करावे लागत नाही. मात्र फॅबेला मोठी असेल, तर गुडघा वाकवताना ती नव्या सांध्याच्या मागच्या बाहेरच्या कडेवर घासून खट असा आवाज व वेदना होऊ शकते. अशा काही रुग्णांत ती नंतर काढावी लागल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. म्हणून मी असे सुचवेन की शस्त्रक्रियेपूर्वीच्या अहवालात फॅबेलाचा आकार नोंदवावा, आणि अंतिम सांध्याआधी माप पाहण्यासाठीचे चाचणीचे भाग बसवलेले असताना गुडघा पूर्ण वाकवून मागच्या बाहेरच्या बाजूस बोटाने तपासावे. तेथे घासणे जाणवले तर ती त्याच वेळी काढता येते. ती काढताना सामान्य पेरोनिअल नर्व्ह, म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पायाकडे जाणारी नस, जवळ असते, त्यामुळे हाडाला चिकटून राहूनच काम करावे लागते.